महाप्राण जोगेंद्रनाथ मंडल : बारिसालचा वकील, बंगालचा मंत्री

१४ एप्रिलला किंवा ६ डिसेंबरला आपल्या वस्तीत कार्यक्रम झाला की वक्ते एक नाव हमखास घेतात. बाबासाहेबांना बंगालमधून घटना समितीवर पाठवणारे जोगेंद्रनाथ मंडल. टाळ्या पडतात आणि वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो. मंडल कोण होते, कुठल्या गावचे, पुढं त्यांचं काय झालं, हे त्या टाळ्यांत राहून जातं. घरी पोरं विचारतात तेव्हा आपल्यालाही दोन वाक्यांपलीकडे काही सांगता येत नाही. म्हणून वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेसाठी आम्ही त्यांचं चरित्र निवडलं. त्यांच्या आयुष्याचा एक महिनाच आपल्याला ठाऊक आहे. आधीची बेचाळीस वर्षं आणि नंतरची बावीस वर्षंही ठाऊक असायला हवीत. त्यातली पुष्कळ वर्षं दुःखाची आहेत. पण आपल्यावर उपकार केलेल्या माणसाची सगळी कहाणी ऐकणं हेही आपलं कर्तव्य आहे, असं आम्हाला वाटतं.

पाण्यातला मुलूख, शेतकरी समाज

जोगेंद्रनाथांचा जन्म २९ जानेवारी १९०४ रोजी बाकरगंज जिल्ह्यातल्या गौरनदी भागात, मैस्तारकांदी या खेड्यात झाला. या जिल्ह्याचं मुख्य ठिकाण बारिसाल. हा सगळा भाग आज बांगलादेशात आहे. मुलूख पाण्याचा. जिकडे बघावं तिकडे नद्या, खाड्या, दलदल आणि भाताची खाचरं. पावसाळ्यात एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जायचं तर होडीच लागते.

या दलदलीत राबून जमीन लागवडीला आणणारा समाज म्हणजे नमशूद्र. पूर्वी सवर्ण लोक आणि सरकारी कागदपत्रं त्यांना चांडाल म्हणत. त्यांच्या हातचं पाणी चालत नसे. पण हा समाज गप्प बसणारा नव्हता. १८७२-७३ च्या सुमाराला फरीदपूर-बाकरगंज भागातल्या नमशूद्रांनी वरच्या जातींची कामं करणं बंद करून बहिष्कार पुकारला. तो फार दिवस टिकला नाही, पण समाज जागा झाला. ओराकांदीचे हरिचांद ठाकूर यांनी मतुआ पंथ उभा केला. त्यांचे पुत्र गुरुचांद ठाकूर यांनी शिक्षणाचं काम हाती घेऊन गावोगावी शाळा काढायला लावल्या. १९११ च्या जनगणनेत चांडाल हे नाव जाऊन नमशूद्र हे नाव आलं. आपल्याकडे महात्मा फुले आणि पुढं बाबासाहेबांनी जी वाट घालून दिली, तशीच एक वाट तिकडं बंगालच्या पाण्यात त्या लोकांनी स्वतः काढली होती. जोगेंद्रनाथ या वाटेवर वाढले.

घर शेतकऱ्याचं आणि गरिबीचं. शिक्षण उशिरा आणि अडचणीत झालं. मॅट्रिक झाले ते विसाव्या वर्षी. मग बारिसालच्या ब्रजमोहन कॉलेजात गेले आणि १९२९ साली बी.ए. झाले. पुढं कलकत्त्याला कायद्याचा अभ्यास करून १९३४ साली पदवी घेतली आणि १९३६ पासून वकिली सुरू केली. नमशूद्र शेतकऱ्याच्या मुलानं काळा कोट घालून कोर्टात उभं राहणं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. गावच्या माणसाला कोर्ट म्हणजे सावकाराचं आणि जमीनदाराचं घर वाटायचं. तिथं आता आपल्यातला एक माणूस बोलायला उभा राहिला.

१९३७ ची निवडणूक

वकिली सुरू होऊन वर्ष होतं न होतं तोच निवडणूक आली. १९३५ च्या कायद्यानं प्रांतांना आपली कायदेमंडळं मिळाली होती. बंगालच्या विधानसभेत २५० जागा होत्या आणि त्यांतल्या ३० अनुसूचित जातींसाठी राखीव होत्या. या ३० जागांचं मूळ आपल्या पुण्यात आहे. २४ सप्टेंबर १९३२ ला येरवड्याच्या तुरुंगात जो पुणे करार झाला, त्यात बंगालच्या अस्पृश्यांना ३० जागा मिळाल्या. बाबासाहेबांना त्या कराराचं दुःख आयुष्यभर राहिलं, कारण स्वतंत्र मतदारसंघ गेले. तरी त्याच करारातल्या जागांमुळं बंगालच्या सभागृहात आपल्यासारख्यांचा एक गट दिसू लागला, हेही खरं.

जोगेंद्रनाथ मात्र राखीव जागेवर उभे राहिले नाहीत. ते ईशान्य बाकरगंजच्या सर्वसाधारण ग्रामीण मतदारसंघात अपक्ष म्हणून उभे राहिले. समोर काँग्रेसचे जिल्हाध्यक्ष सरलकुमार दत्त. हे अश्विनीकुमार दत्त यांचे पुतणे. अश्विनीकुमार म्हणजे बारिसालचे थोर स्वदेशी पुढारी आणि ज्या ब्रजमोहन कॉलेजात जोगेंद्रनाथ शिकले त्याचे संस्थापक. म्हणजे लढत होती जिल्ह्यातल्या सर्वांत नामांकित घराण्याशी. त्या वेळी मत सगळ्यांना नव्हतं. कर भरणारा, जमीन असणारा, शिकलेला, अशांनाच मत. तरीही जोगेंद्रनाथ निवडून आले. वय तेहतीस.

विधानसभेत गेल्यावर सुरुवातीला ते सुभाषचंद्र बोस आणि त्यांचे बंधू शरदचंद्र बोस यांच्या जवळ होते. दोघांचाही त्यांच्यावर प्रभाव होता. पण बोसबंधूंना काँग्रेसमधून बाहेर पडावं लागलं तेव्हा जोगेंद्रनाथांचाही त्या पक्षावरचा विश्वास उडाला. आपल्या लोकांसाठी आपलाच वेगळा गट हवा, ही गोष्ट त्यांच्या मनात पक्की झाली.

अटी घालून दिलेला पाठिंबा

इथून त्यांच्या आयुष्यातला सर्वांत वादाचा भाग सुरू होतो. म्हणून इथं आम्ही थोडं थांबतो.

बंगालच्या विधानसभेत कुणा एका पक्षाकडं स्वतःच्या जोरावर बहुमत नव्हतं. मुस्लिम लीग, फजलुल हक यांचा कृषक प्रजा पक्ष, काँग्रेस, युरोपियन सभासद असा सगळा खेळ होता. अशा सभागृहात वीस-एकवीस जणांचा गट एकत्र राहिला तर तो सरकार बसवू शकतो आणि पाडूही शकतो. वकिलाच्या नजरेनं जोगेंद्रनाथांनी हे हेरलं.

मार्च १९४३ मध्ये हक यांचं मंत्रिमंडळ पडलं. एप्रिलमध्ये ख्वाजा नझिमुद्दीन यांचं सरकार आलं. जोगेंद्रनाथांच्या मागं त्या वेळी अनुसूचित जातींचे २१ आमदार होते. त्यांनी पाठिंबा दिला, पण फुकट दिला नाही. अटी घातल्या. मंत्रिमंडळात अनुसूचित जातींचे तीन मंत्री हवेत. आपल्या मुलांच्या शिक्षणासाठी दरसाल पाच लाख रुपये कायमचे मंजूर हवेत. सरकारी नोकऱ्यांत ठरलेलं जातवार प्रमाण काटेकोर पाळलं पाहिजे. अटी मान्य झाल्या आणि जोगेंद्रनाथ स्वतः मंत्री झाले. त्यांच्याकडे सहकारी पतपुरवठा आणि ग्रामीण कर्जबाजारीपणा हे खातं आलं. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या मुलाकडं त्याच कर्जाचं खातं.

त्यांचा विचार सरळ होता. पूर्व बंगालातला मुसलमान शेतकरी आणि नमशूद्र शेतकरी यांची शेतं एकमेकांना लागून. दोघंही कुळं, दोघंही सावकाराच्या वहीत, दोघांच्या घरात शिक्षण नाही. कोळी, मजूर, नांगर धरणारे दोन्हीकडं. मग राजकारणात ते एकत्र का येऊ नयेत? हा विचार चूक होता असं आज कुणी सहज म्हणेल. पण त्या वेळी त्या गावात राहून बघितलं तर तो डोळ्यांसमोरच्या गोष्टींतून आलेला होता.

त्या सरकारचा काळ मात्र फार वाईट गेला. १९४३ चा बंगालचा दुष्काळ त्याच वेळचा. लाखो माणसं अन्नाविना मेली. मरणारे बहुतेक खेड्यातले गरीब. त्यात मुसलमानही होते आणि आपल्यासारखेही होते. त्या दुष्काळाचा ठपका सरकारवर आला आणि मंत्री म्हणून जोगेंद्रनाथही त्या सरकारात होते, हे लपवून चालणार नाही. मार्च १९४५ मध्ये ते मंत्रिमंडळ पडलं.

बंगालमध्ये फेडरेशन

जुलै १९४२ मध्ये नागपूरला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. आपल्या बुजुर्गांच्या तोंडी हे नुसतं फेडरेशन. जोगेंद्रनाथांनी १९४३ मध्ये त्याची बंगाल शाखा उभी केली. पुढं १९४५ मध्ये गोपालगंजला प्रांतिक अधिवेशन भरलं. 'जागरण' नावाचं पत्रही चालवलं. एक लक्षात घ्या. नागपूर-मुंबईचा महार समाज आणि बारिसालचा नमशूद्र समाज यांची भाषा वेगळी, खाणं वेगळं, देव वेगळे. रोटी-बेटीचा प्रश्नच नाही. तरीही बारिसालच्या वकिलानं बाबासाहेबांना आपला नेता मानलं आणि शेवटपर्यंत तसंच मानलं.

१९४६ च्या सुरुवातीला पुन्हा निवडणुका झाल्या. फेडरेशनची सगळीकडे धूळधाण झाली. देशभरात १५१ राखीव जागा होत्या आणि त्यांपैकी फेडरेशनला दोनच मिळाल्या. एक मध्यप्रांत-वऱ्हाडात आणि दुसरी बंगालमध्ये. बंगालमधली ती एक जागा म्हणजे स्वतः जोगेंद्रनाथ. आपल्या मुंबई इलाख्यात तर एकही नाही. तरी सुऱ्हावर्दी यांच्या नव्या मंत्रिमंडळात जोगेंद्रनाथांना घेतलं गेलं आणि न्याय व बांधकाम ही खाती त्यांच्याकडे आली.

पण आता हिशेब बदलला होता. १९४३ ला मागं २१ जण होते. १९४६ ला ते पक्षाचे एकटे. ही गोष्ट पुढं फार महागात पडली.

जुलै १९४६

आता तो महिना, ज्याच्यासाठी आपण टाळ्या वाजवतो.

घटना समितीचे सभासद जनता थेट निवडणार नव्हती. प्रांतांच्या विधानसभांचे आमदार त्यांना निवडणार होते. मुंबईच्या विधानसभेत फेडरेशनचा एकही आमदार नाही आणि काँग्रेस पाठिंबा देणार नाही. म्हणजे ज्या माणसानं अस्पृश्यांच्या हक्कांसाठी हयात घालवली, त्यालाच घटना लिहिणाऱ्या सभेचं दार बंद. अशा वेळी जोगेंद्रनाथांनी बंगालचं दार उघडलं.

हे कसं घडलं ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण भाषणांतून बऱ्याचदा चुकीचं सांगितलं जातं. लीगच्या मतांवर बाबासाहेब निवडून आले असं म्हणतात. तसं होणंच शक्य नव्हतं. त्या निवडणुकीत मुसलमान आमदार मुसलमान सभासद निवडणार आणि सर्वसाधारण गटातले आमदार सर्वसाधारण सभासद निवडणार, असा नियम होता. बंगालच्या ६० जागांपैकी ३३ मुसलमान गटाच्या आणि २७ सर्वसाधारण गटाच्या. बाबासाहेब सर्वसाधारण गटातून उभे होते. म्हणजे मतं मिळवायची होती ती हिंदू आणि अनुसूचित जातींच्या आमदारांकडूनच. आणि त्यांतले बहुतेक काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आलेले.

मतदान पसंतीक्रमाचं होतं. या पद्धतीत थोड्या आमदारांनी पहिली पसंती दिली तरी उमेदवार निवडून येऊ शकतो. तेवढे आमदार जोगेंद्रनाथांना गोळा करायचे होते. ते एकेकाला भेटले. अपक्षांना गाठलं. काँग्रेसच्या अनुसूचित जातीच्या आमदारांना गाठलं. पक्षाचा आदेश एकीकडे आणि समाजाची हाक दुसरीकडे. त्यांतले काही जण पक्षाचा आदेश मोडून बाबासाहेबांच्या मागं उभे राहिले. द्वारिकानाथ बारुरी, गयानाथ विश्वास, मुकुंदबिहारी मल्लिक अशी त्यांची नावं सांगतात. आपल्या सभांतून ही नावं कधी ऐकू येत नाहीत. ती निदान आपल्या स्मरणिकेत छापली जावीत.

बाबासाहेब निवडून आले. ९ डिसेंबर १९४६ ला घटना समितीची पहिली बैठक झाली आणि १७ डिसेंबरला बंगालचे सभासद म्हणून बाबासाहेबांचं तिथं भाषण झालं. त्या भाषणानं विरोधकही विचारात पडले. पुढं फाळणीमुळं त्यांची बंगालमधली जागा गेली, तेव्हा ज्या काँग्रेसनं दार बंद केलं होतं तिनंच जुलै १९४७ मध्ये मुंबईतून, जयकरांच्या रिकाम्या जागेवर, त्यांना पुन्हा निवडून आणलं. २९ ऑगस्ट १९४७ ला मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. पहिलं दार बंगालमध्ये उघडलं नसतं तर पुढची दारं उघडली असती का? याचं उत्तर वाचकांनीच द्यावं.

दंगलीच्या काळात मंत्री

बाबासाहेब निवडून आल्याच्या आनंदाला महिनाही झाला नव्हता तोच १६ ऑगस्ट १९४६ ला कलकत्त्यात दंगल पेटली. हजारो माणसं मेली. लीगच्या मंत्रिमंडळातला हिंदू मंत्री म्हणून जोगेंद्रनाथांवर सगळीकडून दबाव आला. राजीनामा द्या म्हणून मागणी झाली. रोज धमक्या येऊ लागल्या आणि जिवाला धोका निर्माण झाला. त्यांनी राजीनामा दिला नाही. 'जागरण' मधून त्यांनी आपल्या लोकांना सांगितलं की काँग्रेस आणि लीग यांच्या या रक्तरंजित भांडणात पडू नका. पण ऑक्टोबरमध्ये नोआखालीत दंगल झाली आणि तिथं नमशूद्रही मारले गेले, बाटवले गेले. ते तातडीनं त्या भागात गेले. भांडणात न पडताही आपली माणसं मरतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

त्याच महिन्यात सुऱ्हावर्दी यांच्यामार्फत अनपेक्षितपणे निरोप आला. हंगामी सरकारात लीगच्या वतीनं या. निर्णय तासाभरात हवा होता. जिनांना त्यांना घेण्यात स्वतःचा डाव साधायचा होता. काँग्रेसनं आपल्या वतीनं एक मुसलमान मंत्री घेतला होता, म्हणून लीगनं आपल्या वतीनं एक अस्पृश्य मंत्री पुढं केला. जोगेंद्रनाथांनी होकार दिला, पण एका अटीवर. आपले नेते डॉ. आंबेडकर यांना हे पसंत नसेल तर राजीनामा देण्याची मुभा हवी. बाबासाहेब त्या वेळी लंडनला होते. तिथून त्यांची संमतीची तार आली, तेव्हा कुठं जोगेंद्रनाथ निर्धास्त झाले. दिल्लीत त्यांच्याकडं कायदा खातं आलं.

दोन देशांचे दोन कायदेमंत्री

१९४७ च्या उन्हाळ्यात फाळणी ठरली. बंगालचेही दोन तुकडे होणार होते. जोगेंद्रनाथांचा बंगालच्या फाळणीला विरोध होता. त्यांचं म्हणणं होतं की फाळणीत आपला समाजच मधून चिरला जाईल. पण त्यांच्याच समाजाच्या बहुतेक आमदारांना ते पटलं नाही. त्यांनी फाळणीच्या बाजूनं मत दिलं. १७ ऑगस्टला रॅडक्लिफ निवाडा जाहीर झाला. बारिसाल, फरीदपूर, जेसोरचा मोठा भाग, खुलना, सगळं पूर्व पाकिस्तानात गेलं. बाबासाहेबांना मतं दिल्याचा राग धरून हे जिल्हे पाकिस्तानला दिले, असं आपल्याकडं सभांतून सांगितलं जातं. कागदावर तसं काही दिसत नाही. खुलना हा हिंदूंची थोडी बहुसंख्या असलेला जिल्हा पाकिस्तानात गेला आणि मुसलमानबहुल मुर्शिदाबाद भारतात आला, एवढं मात्र खरं. नद्या कुठून कुठं वाहतात हेही त्या निवाड्यात बघितलं गेलं. दगा झाला असं म्हणणं सोपं असतं, पण आपल्या पोरांना आपण खरं तेच सांगावं.

जोगेंद्रनाथांचं घर, त्यांचे मतदार, त्यांची माणसं पाकिस्तानच्या बाजूला होती. ते तिकडे गेले. १० ऑगस्ट १९४७ ला कराचीत पाकिस्तानच्या घटना समितीची पहिली बैठक भरली. तिचे तात्पुरते अध्यक्ष म्हणून निवडले गेले ते जोगेंद्रनाथ मंडल. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच अध्यक्षतेखाली जिनांची अध्यक्ष म्हणून निवड झाली. मग ते पाकिस्तानचे पहिले कायदा आणि कामगार मंत्री झाले.

म्हणजे ऑगस्ट १९४७ मध्ये दोन नवे देश झाले आणि दोन्ही देशांचे पहिले कायदेमंत्री फेडरेशनचे होते. दोघंही वकील आणि दोघंही अस्पृश्य म्हणून जन्मलेले. जगाच्या इतिहासात असं दुसरं उदाहरण असेल असं आम्हाला वाटत नाही.

पण नोव्हेंबर १९४७ मध्येच बाबासाहेबांनी जाहीर निवेदन काढून पाकिस्तानातल्या आपल्या लोकांना सांगितलं की जमेल त्या मार्गानं भारतात या, लीगवर विसंबून राहू नका. जोगेंद्रनाथ मात्र थांबले. गरीब शेतकरी जमीन सोडून कुठं जाणार, असा त्यांच्यापुढं प्रश्न होता. तिकडल्या सवर्णांची कलकत्त्यात घरं होती, नातलग होते, नोकऱ्या होत्या. नमशूद्राकडं फक्त त्याचं खाचर आणि होडी.

कराचीतला मंत्री, काळशिरातली राख

कराचीत ते मंत्री होते, पण पूर्व बंगालच्या सरकारात त्यांच्या समाजाचा एकही मंत्री घेतला गेला नाही. वचनं दिली गेली होती, ती पाळली गेली नाहीत. खेड्यांत पोलीस आणि अन्सार दलाचे लोक नमशूद्रांच्या गावांत घुसत. तक्रारी यायच्या, ते पत्रं लिहायचे, वरिष्ठांना भेटायचे. उत्तरं गोड मिळायची आणि काही घडायचं नाही.

डिसेंबर १९४९ मध्ये खुलना जिल्ह्यातल्या काळशिरा गावात पोलीस कम्युनिस्टांना शोधायला गेले. झटापटीत एक शिपाई मेला. त्यानंतर त्या गावावर आणि आजूबाजूच्या गावांवर सूड उगवला गेला. २८ फेब्रुवारी १९५० ला जोगेंद्रनाथ स्वतः तिथं गेले. जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक सोबत होते. त्यांच्या देखत गावकऱ्यांनी सांगितलं की गावात ३५० घरं होती, त्यांतली तीन उरलीत. देशाचा कायदेमंत्री त्या राखेत उभा होता आणि त्याच्या हातात काही नव्हतं.

त्याच फेब्रुवारीत ढाक्याला दंगल झाली आणि मग त्यांच्या स्वतःच्या बारिसालमध्ये. मुलादी, माधवपाशा ही नावं त्या वेळी थरकाप उडवणारी झाली. जोगेंद्रनाथांनी पूर्व बंगालमध्ये मेलेल्यांचा आकडा सुमारे १० हजार दिला. एप्रिलमध्ये नेहरू-लियाकत करार झाला, तेव्हा त्यांनी पुन्हा एकदा आशा धरली. सहा महिने वाट पाहिली. करार कागदावरच राहिला.

८ ऑक्टोबर १९५० ला कलकत्त्याहून त्यांनी लियाकत अली खान यांना राजीनामा पाठवला. हा राजीनामा म्हणजे वकिलानं मांडलेला खटला आहे. लीगला पाठिंबा का दिला, कोणत्या अटींवर दिला, कोणती वचनं मिळाली, ती कुठं मोडली, कोणत्या गावात कोणत्या तारखेला काय झालं, हे सगळं क्रमानं त्यात आहे. स्वतःचा हिशेब फसला हेही त्यात त्यांनी झाकलं नाही. पूर्व बंगालच्या त्या दिवसांवर लिहिणारा अभ्यासक आजही त्या पत्राकडे वळतो.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९५१ मध्ये, हिंदू कोड बिल आणि इतर कारणांवरून बाबासाहेबांनीही कायदेमंत्रिपद सोडलं. दोन देशांच्या दोन कायदेमंत्र्यांना वर्षभराच्या अंतरानं बाहेर पडावं लागलं. बाबासाहेब बाहेर पडले तेव्हा त्यांच्या मागं समाज होता. जोगेंद्रनाथ कलकत्त्याला आले तेव्हा त्यांच्या मागं कुणी उरलं नव्हतं.

निर्वासितांमध्ये अठरा वर्षं

कलकत्त्यात त्यांचं स्वागत झालं नाही. लीगच्या सरकारात बसलेला माणूस म्हणून सवर्ण हिंदूंनी त्यांना जोगेन अली मोल्ला असं नाव ठेवून हिणवलं. पाकिस्तानात ते परके ठरले आणि भारतात फितूर ठरले. पण त्यांनी तोंड लपवलं नाही. पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे येत होते. उशिरा आलेल्या लोंढ्यांत बहुसंख्य नमशूद्रच होते, कारण पैसेवाले आधीच निघून आले होते. त्यांना छावण्यांत ठेवलं गेलं आणि मग बंगालबाहेर पाठवायचं ठरलं. १९५८ मध्ये दंडकारण्य योजना आली. मध्य प्रदेश आणि ओरिसाच्या जंगलात वसवायचं. पाण्यातल्या माणसाला कोरड्या रानात. निर्वासितांनी सत्याग्रह केला, हजारो तुरुंगात गेले आणि जोगेंद्रनाथ त्यांच्या बाजूनं उभे राहिले.

यातली काही कुटुंबं आपल्या महाराष्ट्रातही आली. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीत, बंगाली निर्वासितांच्या वसाहती आहेत. मुलचेरा, चामोर्शी भागात कुणी गेलं तर तिथं बंगाली बोलणारी माणसं भेटतील. त्यांचे आजे-पणजे जोगेंद्रनाथांच्याच मुलखातले. दंडकारण्यात गेलेले काही जण १९७८ मध्ये बंगालच्या सुंदरबनातल्या मरिचझापी बेटावर परत आले आणि १९७९ मध्ये पोलिसांनी त्यांना तिथून हुसकलं. त्यात माणसं मेली. ते बघायला जोगेंद्रनाथ राहिले नव्हते.

भारतात आल्यावर त्यांनी निवडणुका लढवल्या, पण पुन्हा एकदाही निवडून आले नाहीत. ज्यानं बाबासाहेबांना निवडून आणलं त्याला स्वतःला शेवटची अठरा वर्षं एक जागा मिळाली नाही. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी सीमेजवळच्या बनगाव इथं त्यांचं निधन झालं. वय चौसष्ट. पुढं त्यांच्या मुलानं कष्टानं कागदपत्रं जमवून बंगालीत त्यांच्या चरित्राचे खंड काढले. बंगालमधले अनुयायी त्यांना महाप्राण म्हणतात.

आम्हाला काय वाटतं

काहीजण म्हणतात, मंडल चुकले, बाबासाहेबांचं ऐकून १९४७ ला परत आले असते तर बरं झालं असतं. आम्ही एवढ्या सहज निकाल देणार नाही. लाखो माणसं जमीन सोडू शकत नव्हती आणि त्यांना सोडून नेता आधी निघाला असता तर लोकांनी त्याला काय म्हटलं असतं?

पण एक गोष्ट त्यांच्या आयुष्यातून लख्ख दिसते. १९४३ मध्ये त्यांच्यामागं एकवीस माणसं होती, तेव्हा अटी घालता आल्या, तीन मंत्री आणि पाच लाख रुपये पदरात पाडून घेता आले. १९४६ नंतर ते एकटे पडले, तेव्हा वचनं तीच होती, पण ती पाळायला लावणारं कुणी उरलं नव्हतं. करार कितीही चांगल्या भाषेत लिहिलेला असो, तो मोडला तर सरकार हलवू शकतील एवढी माणसं मागं लागतात. फेडरेशनच्या नंतर आपल्यात किती गट पडले, ते इथं मोजून दाखवायची गरज नाही. प्रत्येक गटाचा एक नेता, प्रत्येक नेत्याची कुणाशी तरी युती आणि प्रत्येक युतीत तोंडी वचनं. जोगेंद्रनाथांची कहाणी वाचताना आम्हाला हेच सारखं आठवत राहिलं.

आणि दुसरी गोष्ट त्या चार-पाच आमदारांची. जुलै १९४६ ला त्यांनी पक्षाचा आदेश बाजूला ठेवून मत दिलं. त्यांना पुढं मोठं पद मिळालं असेल वा नसेल, ते इतिहासात झाकलेच गेले. पण त्या मूठभर मतांनी काय केलं ते आपण जाणतो. येत्या १४ एप्रिलला आपल्या विहारात बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालताना कुणी मुलांना दोन मिनिटं बारिसालच्या या वकिलाबद्दल सांगेल, आणि त्या आमदारांची नावंही घेईल, अशी आमची अपेक्षा आहे.